तुमची आशा कुठली? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

आशा भोसले हा विषय निघाला की आपल्याकडे चार डोकी लगेच चार बाजूंना जातात, कारण प्रत्येकाची आशा वेगळी. १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी गायली. पुढे कॅबरे, गझल, भावगीत, नाट्यगीत, इंडिपॉप, काय काय त्या गळ्यातून गेलं! चांगलं गाणारे पुष्कळ असतात. पण नाव झाल्यावर पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायची तयारी किती जणांची असते? मला आशाताईंचं हेच फार मोठं वाटतं. त्या तुम्हाला कुठल्या वळणावर भेटल्या आणि कुठलं वळण सुरुवातीला पचलं नाही, ते लिहा. लता की आशा हा वाद कृपया इथे नको.

महालातले काका

आमची आशा ‘नया दौर’ची, १९५७. वाड्यात रेडिओ एकच, तो आमच्याकडे, त्यामुळे संध्याकाळी ओसरी भरलेली असायची. त्याआधी आशाताईंच्या वाट्याला बहुतेक सहनायिकेची नाहीतर खलनायिकेची गाणी यायची. ओ. पी. नय्यर यांनी नायिकेची गाणी त्यांच्याकडे दिली आणि चित्र पालटलं. नय्यर यांनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या कुणासाठी ठेवलेली जागा मिळाली म्हणून आशाताई मोठ्या झाल्या, असं म्हणणाऱ्यांनी ती गाणी नीट ऐकलेली नाहीत. ठेक्याच्या किंचित मागे राहून शब्द टाकायचा आणि समेवर बरोबर पोचायचं, हे कुणी दिलेलं नव्हतं.

ऑर्केस्ट्रावाली

मी गणपती, दुर्गादेवी, कोजागिरी असे सगळे कार्यक्रम केले आणि आशाताईंच्या गाण्यांवर माझं घर चाललं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘तीसरी मंज़िल’मधलं (१९६६) ‘आजा आजा’ घ्या. लोकांना वाटतं आवाज हलवला की झालं. करून पाहा. ‘आ’चे ते तुकडे पोटातून धक्का देत काढावे लागतात आणि प्रत्येक तुकडा सुरातच पडला पाहिजे. घशातून काढले तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत आवाज बसतो. श्वासाला जागा जवळजवळ नाही, ती चोरावी लागते. पंचमदांनी, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांनी, चाल ऐकवली तेव्हा हे आपल्याला जमणार नाही, असं खुद्द आशाताईंना वाटलं होतं. पंचमदा चाल बदलायला तयार होते. आशाताईंनीच नको म्हटलं, दहा दिवस तालीम केली आणि मग रेकॉर्डिंग. तेव्हा त्यांना गायला लागून तेवीस वर्षं झाली होती! नव्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

‘चुरा लिया है’च्या सुरुवातीच्या त्या काचेच्या आवाजासाठी आमचा तालवादक काचेच्या ग्लासात पाणी भरून चमचा मारायचा. पाणी थोडं ओत, थोडं काढ, असं करत गिटारच्या सुराला जुळवायचा. माइकजवळ धरून तो पहिला ‘टण्’ वाजला की मांडवातला गोंगाट थांबायचा.

एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला बजावलं होतं, ‘पिया तू’ गायचं नाही, बायका-मुलं बसली आहेत. मी आधी ‘जिवलगा राहिले रे’ म्हटलं, लगेच ‘पिया तू’. वन्समोअर पुढच्या रांगेतल्या बायकांनीच दिला. दोन्ही एकाच बाईंची गाणी आहेत. एक शोभतं आणि दुसरं नाही, हे ठरवणारे आपण कोण?

गाणं शिकवणारी, धरमपेठ

माझी आशा ‘उमराव जान’ची, १९८१. संगीतकार खय्याम साहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली गायला लावलं. अर्धा सूर म्हणजे पेटीवर काळी दोनवरून पांढरी दोनवर येणं, बोटाचं अंतर. पण गळ्याला ते अंतर फार कळतं. वरचा चमकदारपणा जातो, आवाजाला छातीतलं वजन येतं, शब्द संथ होतात. मुलींना मी त्यांचंच गाणं एकदा काळी दोनला, एकदा पांढरी दोनला म्हणायला लावते. मग त्या स्वतःच बोलायला लागतात. या चित्रपटासाठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा आवाज असा नव्यानं हाती घेणं सोपं नाही.

रेशीमबागचा भाऊ

सगळे हिंदीचंच सांगून राहिले, म्हनून लिहितो. सुरेश भट जन्माले अमरावतीचे, पन गेले नागपुरातच, २००३ मंदी. रेशीमबागेतलं मोठं सभागृह त्यायच्याच नावाचं हाय. ‘केव्हातरी पहाटे’ अन् ‘तरुण आहे रात्र अजुनी’, गझला भटसाहेबांच्या, चाली हृदयनाथांच्या, आवाज आशाबाईंचा. मराठी गझल गावी कशी, हे आमाले त्या आवाजानंच शिकवलं. शेराचा दुसरा मिसरा, म्हंजे दुसरी ओळ, त्या अशा सोडतात का ऐकनाऱ्यानं सोताच पुरा करावा. माह्या बापाले उर्दू येत नव्हती, पन दाद द्यायची जागा कधी चुकली नाही.

हॉस्टेलवाला, १९९५

‘रंगीला’! बर्डीवरून कॅसेट आणली आणि आमच्या मजल्यावर दुसरं काही वाजेना. ‘तनहा तनहा’ कुणा नव्या मुलीनं गायलंय असं अर्ध्या मुलांचं ठाम मत होतं. आशाताई बासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. रहमानचं संगीत आमच्या पिढीचं, आणि ते आमच्या आईच्या गायिकेनं गायलं. सुट्टीत आईला ती कॅसेट ऐकवली. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “श्वासाचा आवाज मुद्दाम ठेवलाय बघ, गाण्याचा भाग करून.” मी तोवर शंभरदा ऐकूनही ते माझ्या कानावर पडलं नव्हतं.

सदरकर

मला मात्र १९९७ चा ‘जानम समझा करो’ अल्बम पटला नाही, आजही पटत नाही. संगीतकार लेझली लुईसचं काम नीटनेटकं आहे, पण त्या आवाजाला एवढ्या यंत्रांची गरज नव्हती.

धाकटी बहीण

@सदरकर, माझा दादा तेव्हा इंग्लंडात शिकत होता. १९९८ साली तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं आशाताईंवरच लिहिलेलं आहे. दादा फोनवर सांगताना अक्षरशः ओरडत होता. पुढे २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन वादकांबरोबर त्यांनी पंचमदांची गाणी नव्यानं गायली, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. नवं करायचं म्हणजे सगळंच रुचेल असं नाही, पण थांबल्या असत्या तर हे झालंच नसतं.

नात

२०२४ च्या डिसेंबरात दुबईच्या कार्यक्रमात आशाताईंनी करण औजलाचं ‘तौबा तौबा’ गायलं आणि त्याची ती प्रसिद्ध स्टेपही केली. वय एक्क्याण्णव! आजीला व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा लावून पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाली, “नाच मग बघ. आधी ती श्वास कुठं घेते ते बघ.” नंतर मूळ गाणंही ऐकलं, ताडून पाहायला. आता तिला करण औजलाची आणखी गाणी हवी आहेत. फार धांगडधिंगा नसलेली कुणाला माहीत असतील तर इथेच लिहा.