जिंकत नसलेल्या ड्रायव्हरची भक्ती : निष्ठा की खूळ?

गोदाकाठचा (नांदेड)

परवा पंगतीत चुलतभावाने सगळ्यांदेखत विषय काढला. "तुझा अलोन्सो २०१३ पासून एक रेस जिंकला नाही. इथं आमदार पक्ष बदलून मोकळे होतात, तुला एक ड्रायव्हर बदलता येईना?" पंगत हसली. तिथं वाद घालायची सोय नव्हती, म्हणून इथं घालतो.

फर्नांडो अलोन्सो, २००५ आणि २००६ चा फॉर्म्युला वन विजेता. शूमाकरची सलग पाच विजेतेपदांची माळ तोडणारा. बत्तिसावी रेस त्याने मे २०१३ मध्ये बार्सिलोनात जिंकली आणि २०२५ चा हंगाम संपला तरी तेहतिसावी आलेली नाही. चाळिशी कधीच ओलांडली बाबाने. मी अजून त्याचाच.

टीमवर जीव लावण्यात मला राम वाटत नाही. नारायण कार्तिकेयन २००५ ला ज्या जॉर्डन टीमकडून उतरला, तीच पुढं मिडलँड झाली, मग स्पायकर, मग मल्ल्यांची फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट. आज तीच ॲस्टन मार्टिन म्हणून हिरव्या रंगात फिरते आणि अलोन्सो तीच चालवतो. मग जीव लावायचा कशावर, पाटीवर? हेल्मेटच्या आतला माणूस तरी तोच असतो.

आणि त्याचं चालवणं बघायला त्याने जिंकायलाच पाहिजे असं काही नाही. हंगेरी २०२१ बघा. तीनच दिवसांपूर्वी चाळीस पूर्ण झालेली, हाताखाली अल्पाइनची मधल्या फळीतली गाडी, आणि मागून ताज्या टायरवर मर्सिडीजमधला हॅमिल्टन. दहाएक लॅप, म्हणजे फेऱ्या, त्याने हॅमिल्टनला अडवून धरलं. वळणात शिरताना आतली बाजू बंद. बाहेरून घुसावं तर वळणातून निघताना पुढं रस्ताच उरत नाही. मध्येच सरळ पट्ट्यावर दोघं चाकाला चाक लावून. तेवढ्यात पुढं त्याचा टीममेट ओकॉन रेस जिंकून गेला. अलोन्सो स्वतः पहिल्या तिघांच्या पोडियमवरही नव्हता.

याला खूळ म्हणायचं असेल तर म्हणा, पण कारण द्या.

शेंद्रा_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

खूळ नाही म्हणत, पण स्वतःचीच फसवणूक आहे. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. पार्टचा बोअर, म्हणजे भोक, जरासा इकडेतिकडे गेला की अख्खा लॉट रिजेक्ट आणि सुपरवायझर डोक्यावर. त्यामुळे "अलोन्सोने काय कमाल केली" हे ऐकलं की मला आधी तो पार्ट बनवणारा आठवतो. एकेका टीममध्ये शेकडो माणसं राबतात. पिट स्टॉपला, म्हणजे टायर बदलायला गाडी थांबली की, वीसेक जण तिच्यावर तुटून पडतात. २०२३ ला कतारमध्ये मॅक्लारेनने नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदात बदलली. त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा. मलाही येत नाही.

तुमच्याच माणसाचं बघा. २०१५ ते २०१७ मॅक्लारेन-होंडा. हात तेच, डोकं तेच. होंडाच्याच घरी, सुझुकाला, रेडिओवर ओरडला की हे तर जीपी-टूचं, म्हणजे खालच्या वर्गाचं इंजिन आहे. गाडी नसेल तर आपण काही नाही हे त्यानेच सगळ्या जगाला ऐकवलं.

पटवाला (जालना)

शेंद्रावाल्याला अनुमोदन. आमच्याकडं शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हाकणारा धुरकरी कोण हे कुणी विचारत नाही. विचारतात, जोडी कुणाची? २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली. त्यानंतर पहिला पट झाला तेव्हा गुलाल बैलांच्या पाठीवर पडला, मालकाच्या डोक्यावर पडला. धुरकरी कडेला उभा राहून बिडी ओढत होता.

गोदाकाठचा

पटवाले, मग चांगला धुरकरी मिळावा म्हणून हेच मालक दुसऱ्या तालुक्यात निरोप कामून धाडतात? बैल तर घरचेच असतात ना?

शेंद्राभाऊ, २०२३ चं रेड बुल घ्या. एकाच गाडीचे दोन ड्रायव्हर. वर्स्टॅपेनने २२ पैकी १९ रेस जिंकल्या, पेरेझने दोन. गुण ५७५ आणि २८५. कारखाना तोच, पार्ट तेच. मधले २९० गुण कोणत्या मशीनवर निघाले?

शेंद्रा_शिफ्ट

गाडी एकाच्याच हाताला बसेल अशी घडवत नेली की दुसऱ्याची तारांबळ होणारच. आणि एक विसरताय. पेरेझ त्या वर्षी दुसरा आला. म्हणजे गाडी इतकी भारी होती की तारांबळ उडालेला माणूसही जगात दुसरा. आता बोला.

दरसाल_नवा (बीड)

मी २०१० ते १३ वेटेलचा होतो, मग हॅमिल्टनचा, मग वर्स्टॅपेनचा, २०२५ ला नॉरिसचा. युरोपातली रेस असली की रविवारी संध्याकाळी साडेसहाला बसायचं आणि साडेआठच्या आत आनंदात जेवायला उठायचं. लग्न लावलंय का कुणाशी? तुम्ही मंडळी वर्षानुवर्षं सुतकी तोंडानं बसता, मध्यरात्री मेक्सिकोची रेस बघून सकाळी तांबडे डोळे घेऊन कामावर जाता, आणि वर त्याला निष्ठा म्हणता. लई झालं की राव.

मोंढा_कॉर्नर (परभणी)

माझा प्रश्न वेगळा. स्पेनच्या माणसासाठी एवढा जीव टाकता, त्याच्या निम्मा तरी आपल्या माणसासाठी टाकलात का? कार्तिकेयन आला, करुण चंढोक आला. किती जण त्यांच्यासाठी जागले?

गोदाकाठचा

मी जागलो, म्हणून सांगतो. कार्तिकेयनचा सगळ्यात मोठा निकाल म्हणजे २००५ ची इंडियानापोलिस, चौथा नंबर. आता त्यामागची गोष्ट. मिशेलिनच्या टायरची भानगड झाली, सात टीमच्या गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यत सुटण्याआधीची फेरी, संपताच पिटमध्ये वळल्या आणि शर्यतीला उरल्या सहा. तो चौथा नंबर मला प्रिय आहे, पण त्याच्यावर किती दिवस जगायचं? नंतर ग्रेटर नोएडाला ट्रॅक झाला. २०११, १२, १३ अशा तीन रेस झाल्या, तिन्ही वेटेलने जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ नाही, करमणूक आहे म्हणत कर लावला आणि गाडं तिथंच रुतलं. देशाकडून एवढंच मिळालं तर फॅनने काय करावं? फक्त पासपोर्ट बघून प्रेम करायचं ठरवलं तर मराठवाड्यातल्या माणसाने हा खेळ बघूच नये.

शिवाय हा स्पेनचा माणूस कुठल्या राजघराण्यातला नाही. बाप स्फोटकांच्या कारखान्यात मेकॅनिक. त्याने थोरल्या मुलीसाठी घरी कार्ट बनवली, तिला ती आवडली नाही, म्हणून धाकट्याला मिळाली. शेंद्राभाऊ, तुमच्याच बिरादरीतलं पोरगं आहे.

हिंगोलीची_सून

तुमचं हे स्पेन, हंगेरी ठीक आहे. आमच्या गल्लीत याच रील्स बघून पोरं बायपासवर बाइक पळवतात, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. एकाच्या पायात रॉड पडलाय. ड्रायव्हरला देव केला की पोरांना वाटतं वेग म्हणजेच मर्दुमकी. याचं काय उत्तर आहे?

गोदाकाठचा

वहिनी, त्या पोरांनी अख्खी रेस कधी बघितलेलीच नसते, तीस सेकंदांचा तुकडा बघितलेला असतो. अख्खी बघितली असती तर दिसलं असतं की पिट लेनमध्ये बहुतेक ठिकाणी ताशी ८० ची मर्यादा असते, ती मोडली की दंड होतो, मग तो कितीही वेळा विजेता असो. १९९४ ला इमोलात शनिवारी ड्रायव्हर रॅट्झेनबर्गर गेला, रविवारी आयर्टन सेना गेला, आणि त्यानंतर या खेळाने वळणं, भिंती, हेल्मेट सगळ्याचा फेरविचार केला. २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली, आणि तो त्या आगीतून चालत बाहेर आला, हेलोमुळे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवती गाडीला बसवलेल्या संरक्षक कमानीमुळे. फॅनला हे सगळं तोंडपाठ असतं. बायपासवरच्या पोराला हेलो म्हणजे फोनवरचा हॅलो.

हिंगोलीची_सून

पटतंय अर्धं. पण पोरं तुमचं ऐकत नाहीत, रील ऐकतात.

रेणापूर_नाका (लातूर)

मी वकील आहे, त्यामुळे भक्ताला एकच विचारते. सिंगापूर २००८.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रेनॉचा अलोन्सो पंधराव्या नंबरवरून सुटला, लवकर पिटमध्ये गेला, आणि थोड्याच वेळात त्याचाच टीममेट पिके ज्युनिअरने गाडी भिंतीत घातली. सगळ्यांना हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली, सगळं गणित फिरलं, अलोन्सो जिंकला. पुढच्या वर्षी उघड झालं की अपघात ठरवून केलेला होता. टीमप्रमुख ब्रियातोरेवर बंदी आली, ती फ्रान्सच्या कोर्टात टिकली नाही. अलोन्सोला कल्पना होती असा पुरावा निघाला नाही, हे मी मान्य करते. पण त्या रात्री आघाडीवर असलेला फेरारीचा फिलिपे मासा त्या गोंधळात इंधनाची नळी लटकवत पिटमधून निघाला आणि वर्षाच्या शेवटी एका गुणाने विजेतेपदाला मुकला. अजून लंडनच्या कोर्टात भांडतोय बिचारा. दोन वर्षांनी हॉकेनहाइमला, अलोन्सो तोवर फेरारीतच आलेला, फेरारीने त्याच फिलिपे मासाला रेडिओवर आडून सुचवून अलोन्सोला वाट द्यायला लावली आणि एक लाख डॉलर दंड भरला.

माझा आक्षेप ड्रायव्हरवर कमी आहे. "आमच्या माणसाला माहीत नव्हतं" एवढं म्हणून भक्त पुढं सरकतात, त्यावर जास्त आहे.

गोदाकाठचा

ताई, मी सरकत नाही. सिंगापूरचा विजय माझ्या हिशेबात नाही. माझ्याकडं अलोन्सोचे ३१. हॉकेनहाइम तर उघड हुकूम होता, त्याने तो घेतला, मला तेव्हाही आवडलं नव्हतं. फॅन म्हणजे आरोपीचा वकील नव्हे, तो तुमचा धंदा.

दरसाल_नवा, तुम्हाला एक विचारतो. २०१२ ला फेरारीची गाडी काही सगळ्यात वेगवान नव्हती. तरी अलोन्सो व्हॅलेन्सियाला अकराव्या नंबरवरून सुटून जिंकला, घरच्या लोकांसमोर पोडियमवर रडला. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर ग्रोजाँची गाडी त्याच्या डोक्यावरून गेली. सुझुकाला पहिल्याच वळणात बाहेर. शेवटच्या रेसला ब्राझीलमध्ये पावसात तुमचा वेटेल पहिल्याच लॅपला गरकन फिरून उलट्या तोंडानं उभा राहिला, तरी सहावा आला आणि २८१ विरुद्ध २७८ असं विजेतेपद घेऊन गेला. मला त्या रेसचा लॅप न् लॅप आठवतो. तुम्ही जिंकलेल्या बाजूला होतात, तुम्हाला काय आठवतं?

दरसाल_नवा

वेटेल जिंकला एवढं. पुरे की.

पटवाला

धुरकऱ्याला मालक पैसे देऊन बोलावतात हे खरं. पण मी म्हणतो, बैल आजारी पडला तर पट रद्द होतो. धुरकरी आजारी पडला तर मालकाचा मेहुणा बसतो.

शेंद्रा_शिफ्ट

पटवाल्यानं विषय संपवला.

रेणापूर_नाका

विषय संपलेला नाही. गोदाकाठचे, तुम्ही सिंगापूर वगळलंत, चांगलं केलंत, लेखी आहे इथं. आता तो तेहतिसावी जिंकलाच तर सगळं नांदेड ३३ चा केक कापेल, आणि तुमच्या हिशेबाने तो ३२. तुम्ही त्या केकला हात लावायचा नाही.