टीव्ही आपोआप बंद होऊन परत चालू व्हायलाय, बोर्ड बदलावा का? (सेलू, जि. परभणी)

दुधनाकाठची
रामराम मंडळी. सेलू तालुक्यातल्या गावातून लिहायलेय. घरी ३२ इंची स्मार्ट टीव्ही आहे, घेऊन चारेक वर्षं झाली, वॉरंटी कधीच संपली. हल्ली चालता चालता मधेच स्क्रीन काळी होते, मग लोगो येतो आन् पहिल्यापासून सुरू होतो. कधी तासभर काहीच नाही, कधी लागोपाठ होत राहतं. दुपारी कमी, दिवेलागणीनंतर जास्त. सासूबाईंचं कीर्तन त्याच वेळेला असतं, ऐन निरूपण रंगात आलं की टीव्ही जातो, परत चित्र येईपर्यंत त्या तशाच समोर बसून राहतात, मला बघवत नाही. गुडघ्यामुळं त्यांचं देवळात जाणं बंद झालंय, तेवढाच एक आधार आहे त्यांना.

दुकानात नेला होता, दिवसभर ठेवून घेतला आन् मदरबोर्ड गेलाय म्हणाले, साडेसहा हजार सांगायलेत. तुमच्याकडं चालू असताना बंद पडला का असं विचारलं तर नीट उत्तर दिलं नाही. एवढ्या पैशात अजून थोडे घातले तर नवाच येतो, पण कापूस विकल्याशिवाय हातात काही नाही. बोर्ड बदलावा, नवा घ्यावा का अजून काही बघावं? घरी इन्व्हर्टर नाही, टीव्हीला जुना स्टॅबिलायझर आहे, बाकी फ्रिज आन् पंखे.

गोलाई_रिपेअर
ताई, लातूरला माझं टीव्ही दुरुस्तीचंच काम आहे. बोर्डाचे पैसे अजून देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी लई कामाच्या आहेत, एक म्हणजे दिवेलागणीनंतर जास्त होतं, आन् दुसरी म्हणजे दुकानात बंद पडला का नाही हे त्यांना सांगता आलं नाही. मदरबोर्ड गेला असता तर तो घड्याळ बघून बंद पडला नसता, दुकानातबी पडला असता. तिथं दिवसभर नीट चालला असेल तर दोष तुमच्या घरच्या लाईटीत असायची शक्यता जास्त.

आता एक करा. टीव्ही जातो तेव्हा स्क्रीनकडं बघू नका, खालच्या बारक्या लाल दिव्याकडं बघा. तोबी पूर्ण विझला आन् मग लागला तर टीव्हीला करंटच पोचला नाही, म्हणजे प्लग, एक्स्टेन्शन, स्टॅबिलायझर, घरची वायरिंग नाहीतर टीव्हीच्या आतला पॉवर सप्लाय. दिवा तसाच राहून नुसता लोगो आला तर मदरबोर्ड नाहीतर सॉफ्टवेअरकडं बोट जातं. काही टीव्हीत चालू असताना दिवा बंदच असतो, तसं असेल तर टीव्हीचा प्लग आहे त्याच स्वीचबोर्डावर झिरोचा बल्ब लावून ठेवा, जुना पिवळा असला तर उत्तम. टीव्हीसंगं बल्ब मिचकला की उत्तर मिळालं.

दुसरं, तो जुना स्टॅबिलायझर मधून काढा. त्यात रिले असतात, होल्टेज खालीवर झालं की टक टक आवाज करून जोडणी बदलतात. ते घासले की बदलताना क्षणभर करंट तुटतो, पंख्याला कळत नाही पण टीव्हीला तेवढं पुरतं.

दुधनाकाठची
टक टक तर सारखीच व्हायलीय संध्याकाळी! पण तो काढला आन् होल्टेज वाढून टीव्ही जळला तर? भीती वाटते.

गोलाई_रिपेअर
टीव्हीच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यावर बघा, बहुतेक एलईडी टीव्हीला १०० ते २४० होल्ट असं लिहिलेलं असतं. आतला सप्लाय तेवढं सांभाळून घेतो, म्हणून नुसतं होल्टेज १८० ला आलं तर टीव्ही रिस्टार्ट व्हायचं कारण नाही. त्याला त्रास होतो तो करंट तुटण्याचा, एक क्षण जरी गेला तरी. एक संध्याकाळ समोर बसून चालवा, कुणी नसेल तर प्लग काढून ठेवा. घरातले बल्ब नेहमीपेक्षा जास्त उजळायले असं दिसलं की थांबायचं नाही, सगळं बंद करायचं.

कयाधू
लाईटीचं बघाच, पण फुकटातल्या गोष्टी आधी करून घ्या ताई. रिमोटचे सेल काढून ठेवा आन् टीव्हीवरचं बटण वापरा, आमच्याकडं हिंगोलीला भावाच्या रिमोटचं पॉवर बटण चहा सांडून चिकटलं होतं, आपोआप दाबलं जायचं. टीव्हीच्या खालचं बटणबी धुळीनं अडकतं. पेनड्राइव्ह, वायफायचा डोंगल, जे काही यूएसबीला लावलंय ते काढा. सेटटॉप बॉक्स एचडीएमआय वायरनं जोडलेला असेल तर सेटिंगमधी सीईसी नावाचा पर्याय असतो तो बंद करा, त्यानं बॉक्स टीव्हीला बंद चालू करू शकतो. स्लीप टायमर पण बघा. पण यातल्या बहुतेकांत टीव्ही नुसता बंद होऊन बसतो, तुमच्यासारखा लोगोवरून पहिल्यापासून सुरू होत नाही, तेवढा फरक ध्यानात ठेवा.

नांदेडचा_पोरगा
आमचा टीव्ही पण असाच करायचा आन् ते सॉफ्टवेअर निघालं. पण आमच्यात तो सकाळ दुपार संध्याकाळ कधीपण व्हायचा, आन् लोगोच्या पुढंच जायचा नाही, लोगो काळं लोगो काळं असं चालायचं. वायफाय बंद केलं की थोडा जास्त टिकायचा. शेवटी फॅक्टरी रीसेट मारला, सगळी ॲपं परत टाकावी लागली पण त्यानंतर नीट आहे. तुमच्यात लोगो येऊन टीव्ही पूर्ण चालू होतो, म्हणून मला ते वाटत नाही. एक मात्र सांगतो, कुणी पेनड्राइव्हनं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणालं तर पाठीवरचा मॉडेल नंबर जुळवल्याशिवाय टाकू देऊ नका, चुकीची फाईल गेली की चालू टीव्ही कायमचा बंद पडतो.

वायरमन_बीड
ताई, तुमच्या गावात संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो, हे सगळीकडंच आहे. पण लोड आला म्हणून होल्टेज उतरतं, करंट असा तुटत नाही. तुटतो तेव्हा कुठंतरी जोड ढिला असतो. करंट वाढला की ढिला जोड तापतो, आत बारीक ठिणगी मारतो, म्हणून दुपारी गुमान असतो आन् संध्याकाळी नखरे करतो. मी घरोघरी जातो त्यात जास्त करून न्यूट्रलच, म्हणजे करंट परत जायची वायरच ढिली सापडते, कारण फेजकडं, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीकडं सगळे बघतात, न्यूट्रलकडं कुणी बघत नाही.

ओळखायचं कसं ते सांगतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना बल्ब दबतो का, पंखा हळू होतो का बघा. मिचकणं एकाच खोलीत असेल तर त्या खोलीचा बोर्ड. सगळ्या घरात असेल तर मेन स्वीच नाहीतर मीटरच्या अलीकडं पलीकडं. शेजाऱ्यांकडंबी असेल आन् कुणाकडं बल्ब दबायलेत तर कुणाकडं जास्त उजळायलेत असं असेल तर डीपीचा न्यूट्रल, त्या वेळी घरातलं सगळं बंद करून मेन स्वीच पाडायचा आन् लगेच तक्रार करायची. न्यूट्रल पूर्ण सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या घरापर्यंत होल्टेज घरात येऊ शकतं, मग टीव्ही फ्रिज काहीच वाचत नाही.

जालना_स्टील
एवढ्या भानगडीपेक्षा नवा मोठ्या रेंजचा स्टॅबिलायझर घ्या ना, ९० होल्टपासून चालणारे मिळतात.

गोलाई_रिपेअर
भाऊ, स्टॅबिलायझर होल्टेज वाढवतो कमी करतो, तुटलेला करंट कुठून आणणार? जोड ढिला असेल तर पैसे जातील आन् टीव्ही तसाच बंद पडत राहील. आधी जोड, मग लागलं तर स्टॅबिलायझर. इन्व्हर्टरवाल्यांसाठीबी सांगून ठेवतो, लाईट जाताना टीव्ही रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं का बघा, त्यावर केलं की बॅटरीवर बदली पटकन होते. फक्त जिथं होल्टेज कायम खाली असतं तिथं त्या मोडमधी इन्व्हर्टर लाईट असतानाच बॅटरीवर जात राहतो, ते बघूनच वापरा.

दुधनाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, सांगितलं तसं केलं. स्टॅबिलायझर काढला तरी झालं, फक्त थोडं कमी. रिमोटचे सेल काढले, पेनड्राइव्ह काढला, फरक नाही. झिरोचा बल्ब लावला तर टीव्ही गेला त्याच क्षणी तोबी मिचकला, दिराला समोर बसवून परत बघितलं, तेच. फ्रिज चालू होताना स्वैपाकघरातला बल्बबी दबतो. मग टीव्ही उचलून शेजारच्या काकूंकडं लावला, त्यांच्याकडं रात्री झोपेपर्यंत चालला, एकदाबी गेला नाही. सासूबाई तिथंच बसून कीर्तन ऐकून आल्या, काकूंनाबी बरं वाटलं. दीर दुकानात परत जाऊन विचारून आला, तर तिथंल्या पोरानं सांगितलं की दिवसभर चालूच होता. मग मदरबोर्ड गेला हे कशावरून म्हणले? इथं विचारलं नसतं तर साडेसहा हजार गेले असते, याचा खरंच राग येतो. आता इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. त्याला काय बघायला सांगू?

वायरमन_बीड
टीव्ही शेजारी चालला म्हणजे टीव्ही ठीक, डीपीबी बहुतेक ठीक, दोष तुमच्याच लाईनीत. त्याला म्हणा मेन स्वीच पाडून कव्हर उघड आन् न्यूट्रलचा स्क्रू दाखव. वायरीचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक वितळून मागं सरकलेलं, स्क्रूच्या भोवती राखेसारखी पांढुरकी भुकटी दिसली की तेच. बऱ्याच जुन्या घरात अल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारलेली असते, दोन्ही धातू एकमेकांत खराब होतात आन् जोड ढिला पडत जातो. जळालेलं टोक कापून टाकायचं, कोऱ्या वायरीला नीट कनेक्टर लावून घट्ट करायचं, नुसता स्क्रू आवळून परत टेप मारायची नाही, महिनाभरात तेच होतं. मेन स्वीच जुना किटकॅट फ्यूजवाला असला तर फ्यूजच्या पाकळ्यापण बघायला सांगा. टीव्हीचा प्लग सॉकेटमधी डुलत असेल तर सॉकेटच बदला.

आत काही सापडलं नाही तर मीटरच्या आधीचा आन् खांबावरचा जोड राहतो, त्याला तुमच्या इलेक्ट्रिशियननं हात लावायचा नाही आन् घरच्या कुणी तर अजिबातच नाही. १९१२ वर तक्रार द्या, तक्रार नंबर लिहून घ्या, लाईनमन आला की सर्व्हिस वायरचा न्यूट्रल बघ असं स्पष्ट सांगा, नाहीतर लाईट आहे ना म्हणून निघून जातात.

दुधनाकाठची
सापडला! मेन स्वीचमधीच न्यूट्रलचं टोक कोळशासारखं काळं, हात लावला तर वायर तुटूनच आली. त्यानं टोक कापून नवा कनेक्टर लावला, किटकॅट काढून एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्वीच) बसवली, सामान धरून आठशेच्या आत भागलं. आता फ्रिज चालू झाला तरी बल्ब दबत नाही, आन् टीव्ही कालपासून संध्याकाळचा सलग चालायलाय. दादा, इतके दिवस झटके बसलेत त्याला, आतून काही बिघडलं असेल का? कुणाला उघडून बघायला सांगू का?

गोलाई_रिपेअर
लई बरं झालं ताई, टोक अजून थोडं तापलं असतं तर आगीचं काम होतं. चालता टीव्ही उघडू नका, घरी तर मुळीच नको, प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमधी करंट राहतो. फक्त लक्ष ठेवा. चालू व्हायला वेळ घ्यायला लागला, लाल दिवा नुसता उघडझाप करायला लागला, तर पॉवर सप्लायच्या कंडेन्सरचं डोकं फुगलंय असं समजा, चांगला असतो तेव्हा वरून सपाट असतो. ते सुटे बदलता येतात, पूर्ण बोर्ड लागत नाही, मेकॅनिकला तसंच सांगा. आवाज येतोय पण चित्र नाही असं झालं तर अंधारात स्क्रीनवर बॅटरी मारून बघा, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाईटची पट्टी गेली, तेपण दुरुस्त होतं. आन् टीव्ही पत्र्याच्या भिंतीला एकदम चिकटवून लावला असेल तर चार बोटं जागा सोडा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कंडेन्सर तापूनच लवकर जातात. जुना स्टॅबिलायझर परत जोडू नका, टक टक करत होता तो भंगारात द्या.