प्रतिसाद: 11 महिन्यांचा करार नोटरी करून भागत नाही

कुणीतरी लिहिलंय की घर भाड्याने देण्याचा 11 महिन्यांचा करार असेल तर नोटरी पुरते, नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात नाही पुरत. वर्षभरापर्यंतच्या कराराला नोंदणीतून सूट आहे ती केंद्रीय नोंदणी कायद्यातली. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. शिवाय घरमालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि नोंदणी टाळून वाचतं काय? 20,000 भाडं, 1 लाख परत मिळणारं डिपॉझिट, 24 महिने: एकूण भाडं 4,80,000, त्यात मिळवा डिपॉझिटचे वर्षाला 10 टक्के, म्हणजे दोन वर्षांचे 20,000. या 5 लाखांवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, फक्त 1,250 रुपये. नोंदणी शुल्क वेगळं.

मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकणारा सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करा. भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पाणी-वीज मात्र तोडू नका, कलम 29 नुसार त्याला मनाई आहे.