शब्दचर्चा : ख्रिस्ती भक्तिकाव्यातले ‘तारण’, ‘विश्वास’ आणि ‘आशा’

प्रश्न : मराठी ख्रिस्ती भजनांत ‘तारण’ हा शब्द वारंवार येतो. कर्जासाठी दागिने तारण ठेवतात, तेच का हे तारण? आणि मोक्ष, मुक्ती, उद्धार असे रुळलेले शब्द हाताशी असताना हा वेगळा शब्द कशासाठी?

प्रतिसाद : वापरावरून फरक लगेच कळतो. कर्जातले तारण आपण ‘ठेवतो’ किंवा ‘देतो’. भजनातले तारण ‘होते’, ‘मिळते’, ‘लाभते’. तिथे देणारा देव असतो आणि माणूस घेणारा. हा शब्द तरणे-तारणे या जोडीतला आहे. तरणारा आपल्या बळावर पैलतीर गाठतो, तारणाऱ्याला मात्र दुसऱ्याला उचलून न्यावे लागते. ख्रिस्ती काव्याचा सगळा भर या दुसऱ्या क्रियापदावर आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू हे नाव ठेवण्याचे कारण सांगितले आहे, ते असे की तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून ‘तारील’.

‘पापांपासून’ हे पद महत्त्वाचे. संतही तारण्याची भाषा बोलतात, नाम तारते, विठ्ठल तारतो. पण तिथे ओलांडायचा असतो भवसागर, म्हणजे जन्ममरणाचा फेरा. ख्रिस्ती कवीने नौका तीच घेतली, पाणी मात्र वेगळे. त्याला पुनर्जन्मातून सुटायचे नाही, पापामुळे देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळायला हवे आहे. ‘मोक्ष’ म्हटले की वाचकाच्या मनात फेरा संपल्याचा अर्थ आधी उभा राहतो, म्हणून माझ्या मते तो शब्द इथे कमी पडतो. ‘उद्धार’ चालतो. ईयोबाच्या पुस्तकातला ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ हा उद्गार तर मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असतो.

गाण्याच्या अंगाने पाहिले तरी ‘तारणारा’ सरस ठरतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. ता-र-णा-रा ही चार अक्षरे त्या शेवटच्या चरणात नेमकी बसतात आणि अखेरचा ‘रा’ हवा तितका लांबवता येतो. ‘उद्धारक’ही चारच अक्षरांचा, पण ‘क’वर आवाज अडतो. टाळ-मृदंगावर म्हणून पाहा.

प्रश्न : मग ‘खंडणी’? मार्क 10:45 मध्ये तो शब्द वाचून दचकायला होते. आज खंडणी म्हणजे गुन्हेगारांनी धमकावून उकळलेला पैसा.

प्रतिसाद : दचकणे साहजिक आहे, तरी तो शब्द काढू नये असे मला मनापासून वाटते. बंदीत पडलेल्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत हा त्या वचनातला अर्थ आहे, आणि ती किंमत म्हणजे ख्रिस्ताचा स्वतःचा जीव. नुसते ‘मुक्ती दिली’ म्हटले तर ती फुकटात झाल्यासारखी वाटते. कवितेत ‘खंडणी’ बोचत असेल तर ‘सोडवणूक’ घ्या. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत तारणाऱ्याला ‘सोडवणदार’ म्हणतात. किती सरळ शब्द आहे! गहाण सोडवावे तसे माणसाला सोडवणारा.

असाच दुसरा व्यवहारातला शब्द ‘विसार’. सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम. इफिसकरांस पत्रात (1:14) पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. पुढचे सगळे मिळणारच, कारण देणाऱ्याने विसार दिला आहे. आशेबद्दल पानेच्या पाने लिहूनही जे साधणार नाही, ते या एका शब्दात आले आहे. आजच्या भक्तिकवितेत तो क्वचितच दिसतो याची खंत वाटते.

प्रश्न : आशेचेच विचारायचे होते. आपल्या संतांनी तर आशेला पाश म्हटले आहे.

प्रतिसाद : हो, आणि मराठी ख्रिस्ती कवीपुढची खरी अडचण इथेच आहे. तुकोबा आशा समूळ खणून काढायला सांगतात, त्यानंतरच गोसावी व्हावे म्हणतात. संस्कृत सुभाषितातही आशा ही साखळीच, आणि तिने बांधलेला माणूस धावत सुटतो. उलट ख्रिस्ताचा प्रेषित पौल 1 करिंथ 13:13 मध्ये विश्वास, आशा, प्रीती या टिकणाऱ्या तीन गोष्टींत आशेला बसवतो. शब्द एक असला तरी संतांची आशा म्हणजे हाव, पौलाची आशा म्हणजे देवाच्या वचनावर टेकून वाट पाहणे. म्हणून ओळीत ‘आशा’ एकटी सोडू नये, ती कोणावर आहे हे सांगावे. कोंकणीने हा पेच सुंदर सोडवला आहे. तिथे ही त्रयी ‘भावार्थ, भर्वसो, मोग’ अशी आहे, म्हणजे आशेच्या जागी भरवसाच. इब्री 11:1 च्या मराठीतही विश्वासाची व्याख्या करताना ‘भरवसा’ आला आहे.

‘विश्वास’ला फार खुलासा लागत नाही. वि आणि श्वस्, निर्धास्त श्वास घेणे. श्रद्धा एखाद्या तत्त्वावरही असू शकते, विश्वास बहुधा व्यक्तीवर ‘टाकला’ जातो, आणि भजनाला तेच हवे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हटले. पुढे नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ताला माता आणि गुरू म्हणून हाक मारली, आणि आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. दोघांनीही वाचकाच्या ओठांवरचे शब्द उचलून त्यांत नवा आशय भरला. तुम्ही लिहीत असाल तर ‘तारण’, ‘सोडवणूक’, ‘भरवसा’, ‘विसार’ हे चार आधी वापरून पाहा. ‘मोक्ष’ घ्यायचाच असेल तर तो कशापासून, हे त्याच कडव्यात येऊ द्या.