सीओपीडी असलेल्या बाबांसाठी पल्मनरी रिहॅबिलिटेशन: सल्ला हवा

शलाका
बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. दम वाढल्यामुळे ॲडमिट होते, गेल्या आठवड्यात घरी आलो. डॉक्टरांनी पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम सुचवलाय. बाबा म्हणतात, "आंघोळीला धाप लागते, व्यायाम कुठून करू?" कुणाच्या घरी केलाय का?

निशिगंध
मी फिजिओथेरपिस्ट आहे. थांबू नका, डिस्चार्जनंतर ४ आठवड्यांच्या आत सुरू केलं तर पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. बाबांना खरं काय ते सांगा. फुफ्फुसं पूर्ववत होणार नाहीत, स्पायरोमेट्रीचे (फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचे) आकडे साधारण तेच राहतील. सुधारतात ते पाय. धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, मांड्या झिजतात, आणि अशक्त स्नायू थोड्याशा कामातही जास्त लॅक्टिक ॲसिड करतात, त्यामुळे श्वास आणखी वाढतो. ताकद आली की तेच काम कमी श्वासात होतं. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अहवाल) सीओपीडीच्या रुग्णांवरचे ६५ अभ्यास आणि ३,८२२ रुग्ण होते. धाप, थकवा, चालण्याची क्षमता, सगळ्यांत फरक दिसला.

आधी तपासणी होते, ६ मिनिटांत किती चालता येतं ते मोजतात. मग साधारण ८ आठवडे, आठवड्यातून २-३ वेळा चालणं किंवा सायकल, आणि हातापायांना वजनं. वजनं टाळू नका. छातीत दुखत असेल किंवा नुकताच हार्ट अटॅक आला असेल तर मात्र आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

पाऊलवाट
आईला फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होण्याचा आजार) आहे, तिलाही उपयोग झाला. चालताना तिचा ऑक्सिजन पटकन उतरतो, म्हणून ऑक्सिमीटर बोटाला लावूनच चालते. किती आकड्याला थांबायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. चालता चालता थोडं थांबलं तरी चालतं, हे कळल्यावर तिची भीती गेली.

शलाका
खूप आभार दोघांचे! मध्येच धाप लागली तर काय करायचं?

निशिगंध
उभं राहून पुढे वाकायचं, हात टेबलावर टेकवायचे. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. शून्य ते दहाच्या मापावर धाप ४ ते ६ असेल तर ती अपेक्षितच आहे. डॉक्टरांनी व्यायामाआधी इन्हेलर घ्यायला सांगितला असेल तर तो चुकवू नका. आणि कार्यक्रम संपला तरी घरी चालू ठेवा, सोडला तर वर्षभरात फायदा ओसरतो.