‘निवाडा करील’ की ‘अभिनिर्णय करील’?

पेठकर: भाषांतरात अडलंय. मूळ इंग्रजी कलमात ‘ॲडज्युडिकेट’, म्हणजे तपासून अधिकृतपणे ठरवणं, आहे. कर्ता अधिकारी, कर्म हक्कमागणी. मी ‘निवाडा करील’ लिहिलं. वकीलसाहेबांनी ते खोडून ‘अभिनिर्णय करील’ केलं. काय ठेवू?

बावडेकर: साहेब मुद्रांकाच्या कामातले दिसतात. ‘अभिनिर्णय’ हा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 31 चा शब्द. दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढं ठेवायचा, शुल्क किती ते ते ठरवतात. समोर भांडायला दुसरा पक्षकार नसतो. हक्कमागणीला तो शोभत नाही.
पण ‘निवाडा’ही जपून वापरा. भूसंपादनात निवाडा म्हणजे अवॉर्ड, जिल्हाधिकाऱ्यांनी भरपाई ठरवणं, 2013 च्या कायद्याचं कलम 23. रक्कम पटली नाही तर कलम 64 खाली संदर्भ मागायचा, म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडं पाठवायला सांगायचं, अपील नव्हे. निवाड्यावेळी हजर असाल तर मुदत 6 आठवडे. कोर्टाचा निकाल समजून अपिलाचे कागद जुळवत बसलात की मुदत गेलीच.

रंकाळा: मग सरळ ‘न्यायनिर्णय’ घाला की!

बावडेकर: ताई, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2(9) प्रमाणं न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणं. हुकूमनामा, म्हणजे डिक्री, वेगळा, आणि पहिलं अपील हुकूमनाम्यावर होतं. शिवाय कर्म माणूस असला तर यातलं काहीच चालत नाही. माणूस नादार ‘ठरवतात’, त्याचा निवाडा करत नाहीत.

जुना दस्त: निवाडा ‘निवडणे’वरनं आलाय. सुपात तांदूळ एकीकडं, खडे एकीकडं. ‘फैसला’ही तसाच: अरबी फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. शेतातली ‘फसल’ त्याच धातूची.

शुद्धलेखनवाला: फैसला चालतो आणि अभिनिर्णय खुपतो? स्मृतिग्रंथांत जिंकणाऱ्याला ‘जयपत्र’ मिळायचं. असा नेमका शब्द आज आहे का?

जुना दस्त: आजचं सोडा, होते तर! मराठेशाहीत हरणाऱ्याकडनं हार कबूल केल्याचं ‘येजितखत’ लिहून घ्यायचे, आणि गोतसभेचा निर्णय ‘महजर’वर चढायचा. ‘महजर’मध्ये संस्कृत शोधून दाखवा.

शुद्धलेखनवाला: म्हणून नवे शब्द घडवायचेच नाहीत?

पेठकर: अहो, माझं कलम! ‘मागणीवर निर्णय देईल’ चालेल?

रंकाळा: ‘देईल’ की ‘करील’? न्याय देतात, निवाडा करतात, निकाल लावतात. आणि आपल्याकडं एखाद्याचा निकाल लावला म्हटलं की ऐकणारा आधी कोर्टाचा विचार करत नाही.