नकार मिळाल्यानंतर : कोकणातले अनुभव

आपल्याला आवडणाऱ्या व्यक्तीने नाते नको असल्याचे सांगितल्यावर आपण कसे वागलो, हे येथे लिहावे. मन कसे सावरावे यावर सल्ले पुष्कळ मिळतात. पण वाडीत नकार देणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर आणि शिमग्यात पालखीसमोर पुन्हा भेटतेच, आणि तेव्हा काय करायचे हे कोणी सांगत नाही. कोणाची ओळख पटेल असा तपशील टाळावा.

दापोली तालुका, पुरुष

आमचे घर मासेमारीचे. ती आईबरोबर बंदरावर लिलावाला येत असे. मी विचारले तेव्हा तिने तसे काही वाटत नसल्याचे सरळ सांगितले, आणि मी "बरं, स्पष्ट सांगितलंस" एवढेच म्हणालो. खरी अडचण घरातून आली. काकीला कुणकुण लागताच ती म्हणाली, "मी तिच्या आईच्या कानावर घालते, पोरी आधी नाहीच म्हणतात." तिला थांबवणे मला नकार ऐकण्यापेक्षा जड गेले, कारण वडीलधारे मध्ये पडले की मुलीचा नकार तिचा एकटीचा राहत नाही, तो दोन घरांच्या मानपानाचा विषय होतो आणि तिला तो साऱ्या भावकीसमोर नव्याने द्यावा लागतो. पुढे १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या गेल्या आणि रोजची गाठ आपोआप टळली. बंदी उठल्यावर भेटलो तेव्हा बर्फाच्या भावाविषयी बोललो.

मालवण, स्त्री

मी नकार देणाऱ्याच्या बाजूने लिहिते. एका ओळखीच्या माणसाला मी "माका तसा काय वाटणा नाय" असे सांगितले. त्याने कारण विचारले. मी नोकरीचे दिले, तर तो वर्षभर थांबायला तयार झाला. घरचे कारण दिले, तर घरच्यांना भेटायला निघाला. दिलेल्या प्रत्येक कारणावर त्याच्याकडे तोडगा असे, आणि न आवडण्याला तोडगा नसतो हे त्याला पटत नव्हते. गणपतीत भजनी मंडळाबरोबर तो आमच्या घरी येऊन बसला, तेव्हा दारी आलेल्याला उठवणार कोण, या विचाराने मीच स्वयंपाकघरात राहिले. याउलट नंतर दुसऱ्या एकाने माझा नकार ऐकून "पुन्हा विषय काढणार नाही" म्हटले आणि खरोखरच काढला नाही. त्याच्या रिक्षात बसताना मला आजही संकोच वाटत नाही.

धागाकर्ता

येथे एक नोंद आवश्यक वाटते. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधत राहणे किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद २०१३ साली जुन्या दंड संहितेत कलम ३५४-ड म्हणून आली होती. अर्थात भजनाला येऊन बसणाऱ्यावर कोणी तक्रार करत नाही, आणि त्याला ते पक्के ठाऊक असते.

कुडाळ, स्त्री

बाईनेही विचारावे आणि तिलाही नकार मिळावा, हे आमच्याकडे कोणी गृहीतच धरत नाही. त्याने नम्रपणे नाही म्हटले आणि आपण मित्र राहू, असे सुचवले. मी त्याला सांगितले की सध्या ते मला जमणार नाही, कारण मैत्रीच्या नावाखाली मी वाटच पाहत राहीन. व्हॉट्सॲपवर त्याचे स्टेटस म्यूट केले आणि समोर आल्यास हसून नमस्कार करायचा, एवढेच ठरवले. तरी झोप आणि जेवण बिघडले, तेव्हा १४४१६ या टेली मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर, बोलले. तो सरकारी आणि विनाशुल्क आहे. गावात समुपदेशकाच्या दारात दिसण्याची धास्ती असणाऱ्यांना तो विशेष सोयीचा आहे.

राजापूर, पुरुष

मी विशेष काही केले नाही. आंब्याचा हंगाम होता, पेट्या भरत राहिलो. पुढच्या हंगामापर्यंत बरे वाटू लागले.

चिपळूण, पुरुष

अनुभव माझ्या मुलाचा आहे. त्याला नकार मिळाला, तो त्याने मान्य केला, परंतु सौभाग्यवतींना तो मान्य नाही आणि मुलीच्या मावशीमार्फत रीतसर स्थळ घालण्याचा त्यांचा बेत आहे. दापोलीच्या सदस्यांनी काकींना कसे थांबवले, ते कृपया सविस्तर लिहावे.

दापोली तालुका, पुरुष

काका, मी वाद घातला नाही. आमच्या ताईला एक स्थळ नको असताना त्या लोकांनी मध्यस्थांकरवी घरी किती खेपा घातल्या आणि तेव्हा काकी स्वतः त्यांना काय बोलली होती, याची फक्त आठवण करून दिली. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण त्या घरी गेली नाही. मुलाने आईशी स्वतः बोलावे. तुम्ही बोललात तर तो नवरा-बायकोचा वाद होईल.